पॅरिसमध्ये पाच वाजून पाच मिनिटं

संध्याकाळी बरोबर पाच वाजता, शेजारी घड्याळ ठेवून, 'क्लेओ द सँक आ सेत' म्हणजे 'क्लेओ, पाच ते सात' हा फ्रेंच चित्रपट लावून बसा. एक पोक्त बाई टेबलावर टॅरोची पानं मांडते आहे. समोरची तरुणी जीव मुठीत धरून ऐकते आहे. पानं वाईट निघतात, तरुणी रडते, उठते, जिना उतरू लागते. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं येतात : पहिलं प्रकरण, क्लेओ, १७.०५ ते १७.०८. आता शेजारच्या घड्याळाकडे बघा. पाच वाजून पाच मिनिटं! इथून शेवटपर्यंत पडद्यावरचं घड्याळ आणि तुमचं घड्याळ बरोबरीनं चालतात. तेरा प्रकरणं आहेत, प्रत्येकाला कुणाचं तरी नाव आणि नेमकी वेळ. शेवटचं प्रकरण साडेसहाला संपतं, आणि चित्रपटही तेव्हाच संपतो.

आन्येस वार्दानं हा चित्रपट १९६१ साली केला, तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. जन्म ब्रसेल्सचा, वडील ग्रीक, आई फ्रेंच, शिक्षण छायाचित्रणाचं. नावावर तोवर एकच मोठा चित्रपट होता, सेत या समुद्रकाठच्या गावातल्या कोळ्यांमध्ये चित्रित केलेला. दिग्दर्शक ज्याँ-ल्यूक गोदारचा 'ब्रेथलेस' आणि जाक देमीचा 'लोला' ज्यानं काढला त्या जॉर्ज द बोरगार या निर्मात्यानं तिला विचारलं, पण अट घातली : कृष्णधवल हवा आणि स्वस्तात हवा. तिच्या मनातली गोष्ट महागडी होती. मग तिनं हिशोब मांडला. प्रवास नको, हॉटेलांची बिलं नकोत, सेट नकोत. राहतो तेच शहर घ्यायचं आणि एकच दिवस घ्यायचा. पुढे तिला वाटलं, अख्खा दिवस तरी कशाला? दीड तास पुरे.

काटकसरीतून निघालेल्या या युक्तीनं सिनेमाचं एक जुनं गणित उलटंपालटं केलं. ते कसं, हे बघण्यासारखं आहे.

एरवी सिनेमात काय होतं? नायिका घराचं दार ओढून घेते, आणि पुढच्या क्षणी ती हॉटेलात बसलेली असते. मधला जिना, फुटपाथ, टॅक्सीची वाट बघणं, सिग्नलला थांबणं हे सगळं कात्रीखाली जातं. त्याबद्दल आपली तक्रारही नसते, कारण त्यात 'काही घडत नाही'. वार्दानं मात्र मिनिटामिनिटाचा हिशोब द्यायचं ठरवल्यावर तिला ते कापता येईना. क्लेओला रिव्होली रस्त्यावरून घरी जायचं असेल तर टॅक्सीनं जितका वेळ लागतो तितका वेळ प्रेक्षकानंही टॅक्सीत बसायचं. आणि टॅक्सीत बसलं की काच आली, काचेबाहेर पूल, दुकानं, गर्दी आली. एरवीचे चित्रपट जे कापून टाकतात ते म्हणजेच तर शहर! वेळ कापायचा नाही एवढं ठरवलं, आणि पॅरिस न बोलावता चित्रपटात येऊन बसलं.

गोष्ट म्हणाल तर दोन ओळींची. क्लेओ ही उगवती गायिका. पोटाच्या दुखण्यासाठी तपासण्या झाल्या आहेत, कर्करोगाची भीती आहे, निकाल संध्याकाळी कळायचा आहे. तोवरचा वेळ कसातरी काढायचा. हा असा वेळ ज्यांनी कुठल्याही रुग्णालयाच्या बाकावर बसून काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

सुरुवातीच्या दृश्यात आणखी एक गंमत आहे. पूर्ण चित्रपटात रंग आहे तो फक्त टॅरोच्या पानांना. कॅमेरा वरून टेबलाकडे बघतो तेव्हा पानं रंगीत, आणि चेहऱ्यांकडे वळला की कृष्णधवल. रंग भविष्याच्या चित्रांना, जगण्याला मात्र काळं-पांढरं. आणि क्लेओ जिना उतरते तेव्हा एकच क्षण लागोपाठ तीनदा दिसतो. घड्याळाशी इतकं इमान राखणारी बाई इथे चक्क लबाडी करते, असं वाटेल. पण वाईट बातमी ऐकून जिना उतरताना पाऊल तीनदा पडतंच. वार्दा दोन प्रकारचा वेळ एकाच दोरीत वळते आहे : मिनिटांनी मोजायचा वेळ आणि छातीत धडधडणारा वेळ.

पहिल्या पाऊण तासातली क्लेओ खरं सांगायचं तर जरा डोक्यातच जाते. कोरिन मार्शां या उंच, देखण्या नटीनं ती तशीच उभी केली आहे. रस्त्यात आरसा दिसला की ती थांबते. आपण सुंदर आहोत म्हणजे जिवंत आहोत, अशी ती स्वतःची समजूत घालते. टोपीच्या दुकानात शिरते तर सगळीकडे आरसे, आणि त्या आरशांत आणि काचेत रस्त्यावरची माणसं तिच्या प्रतिबिंबात मिसळून जातात. तिला ती दिसत नाहीत, आपल्याला दिसतात. ऐन उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, २१ जूनला, ती कोणती टोपी घेते? हिवाळ्यातली, काळी, केसाळ. आणि तिची सोबतीण-कम-मदतनीस आंजेल तिला बजावते की मंगळवारी नवं काही अंगावर घालायचं नाही. हे ऐकून मराठी प्रेक्षक पॅरिसमध्ये आहोत हे क्षणभर विसरतो. आपल्याकडच्या आज्या-मावश्यांनी अमुक वारी नवं कापड, तमुक वारी नखं असा जो जागता पहारा ठेवला, त्याची एक शाखा फ्रान्समध्येही होती तर.

घरी जायला मिळते ती टॅक्सी एक बाई चालवते आहे. रात्री टगी पोरं कशी अंगावर आली होती ते ती भाजीचा भाव सांगावा तशा सहजतेनं सांगते. आंजेल थक्क होते, क्लेओचं लक्ष नसतं. रेडिओवर बातम्या लागतात : अल्जीरियातली अशांतता, एडिथ पियाफची शस्त्रक्रिया. फ्रान्स तेव्हा अल्जीरियात लढत होता, १९५४ पासून. त्या युद्धाविषयी पडद्यावर बोलणं सोपं नव्हतं. गोदारनं १९६० मध्ये चित्रित केलेला 'ल पती सोल्दा' हा चित्रपट सरकारनं १९६३ पर्यंत अडकवून ठेवला. वार्दानं युद्ध टॅक्सीच्या रेडिओतून आत आणलं. पुन्हा तेच : प्रवास कापला असता तर बातम्याही कापल्या गेल्या असत्या.

क्लेओचं घर पांढरंशुभ्र आहे. भलीमोठी खोली, मोठा पलंग, एक झोका, मांजरीची पिल्लं, आणि ती स्वतःही पांढऱ्या पिसाऱ्यात. प्रियकर येतो, दोन मिनिटं लाड करतो, जातो. मग संगीतकार बॉब येतो. ही भूमिका मिशेल लग्रां या खऱ्या संगीतकारानंच केली आहे, आणि चित्रपटाचं संगीतही त्याचंच. तो पियानोवर मस्करी करत एकेक चाल ऐकवतो आणि मग एक नवं गाणं पुढे ठेवतो. शब्द खुद्द वार्दाचे आहेत. 'तुझ्याविना' या नावाचं ते विरहगीत आहे, पण त्यात विरहापेक्षा मरणाची सावली दाट आहे. क्लेओ गाऊ लागते. कॅमेरा हळूहळू तिच्याजवळ सरकतो, खोली मागे राहते, पियानो राहतो, शेवटी मागे नुसता काळोख उरतो. कुठूनसा अख्खा वाद्यवृंद वाजू लागतो आणि ती सरळ आपल्याकडे बघून गात असते, गालावर अश्रू. दीड तासाच्या या काटेकोर हिशोबात एवढा एकच तुकडा असा आहे की जिथे जागाच नाहीशी होते. घड्याळ मात्र चालूच आहे. पाच वाजून अडतीस मिनिटं.

गाणं संपतं आणि ती भडकते. सगळे मला बाहुली करून ठेवता! डोक्यावरचा केसांचा टोप उपटून फेकते, पांढरं उतरवून काळा साधा झगा चढवते, ती हिवाळी टोपी उचलते आणि एकटीच बाहेर पडते. अंगणात एक पोरगा खेळण्यातला पियानो बडवत बसलेला असतो.

आता प्रकरणांच्या नावांकडे पुन्हा बघा. तोवर 'क्लेओ', 'आंजेल', 'बॉब' अशी नावं आलेली असतात. त्या त्या माणसाच्या प्रकरणात दृश्याची चालही त्याच्यासारखी होते. आंजेलच्या प्रकरणात क्लेओ आपल्याला आंजेलच्या व्यवहारी नजरेतून दिसते, म्हणजे हट्टी पोरीसारखी. आणि चित्रपटाच्या बरोबर मध्यावर, पाच ते साडेसहामधल्या पावणेसहाला, आठव्या प्रकरणाचं नाव उमटतं : 'इतर काही जण'. नायिकेच्या गोष्टीतली सात मिनिटं वार्दानं अनोळखी माणसांच्या नावावर करून टाकली आहेत.

क्लेओ मोंपार्नासच्या 'दोम' या प्रसिद्ध कॅफेत शिरते. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून स्वतःचंच गाणं लावते आणि काळा चष्मा घालून टेबलांमधून फिरते. कुणीतरी दाद देईल, निदान मान वर करून बघेल. छे! एका टेबलावर अल्जीरिया, दुसऱ्यावर कविता, तिसऱ्यावर घरगुती भांडण. तिचा आवाज हा त्यांच्या गप्पांमधला निव्वळ अडथळा. मघाशी आरशांनी जे सांगितलं नव्हतं ते कॅफेनं एका मिनिटात सांगितलं. ती बाहेर येते. मघाशी वाटेत एका माणसानं जिवंत बेडूक गिळून दाखवला होता, आता दुसरा दंडातून सळई आरपार घालतो, बघे उभे आहेत. फुटपाथवरून येणारेजाणारे थेट कॅमेऱ्यात बघतात, कारण ते नट नाहीत. रस्त्यानं चाललेले पॅरिसकर आहेत, आणि त्यांना समोर कॅमेरा दिसला आहे. एरवी असं दृश्य दिग्दर्शक फेकून देतो. इथे ते सोन्यासारखं कामी आलं आहे, कारण आता आपण क्लेओच्या डोळ्यांनी बघतो आहोत आणि एकट्या बाईकडे रस्ता बघतो तो असाच. त्यातच तिच्या मनातले चेहरे मधूनमधून चमकून जातात : टॅरोवाली, प्रियकर, आंजेल, आरशाला लटकवलेला तो केसांचा टोप. रस्ता आणि मन यांची ही सरमिसळ १९६२च्या प्रेक्षकाला किती नवी वाटली असेल!

पुढे ती दोरोते या मैत्रिणीला भेटते. शिल्पकलेच्या वर्गात विद्यार्थ्यांसमोर विवस्त्र उभी राहणं हा दोरोतेचा पोटापाण्याचा उद्योग. छिन्न्यांच्या ठकठकीत ती पुतळ्यासारखी निवांत उभी असते. क्लेओ विचारते, तुला लाज नाही वाटत? दोरोते म्हणते, ते माझ्याकडे बघतच नसतात, माझ्यापलीकडचा कुठलातरी आकार शोधत असतात. आयुष्यभर लोकांनी बघावं म्हणून जगलेली एक पोरगी आणि बघण्याची पर्वाच नसलेली दुसरी. वार्दा यावर भाष्य करत नाही, दोघींना मोटारीत बसवून देते. टोपी क्लेओ दोरोतेला देऊन टाकते.

दोरोतेचा मित्र चित्रपटगृहात यंत्र चालवतो. त्याच्या खोलीच्या झरोक्यातून दोघी एक छोटा मूकपट बघतात. या चित्रपटातल्या चित्रपटात काळ्या चष्म्यातला नायक म्हणजे ज्याँ-ल्यूक गोदार आणि त्याची प्रेयसी आना कारिना. चष्मा घातला की त्याला सगळं अशुभ दिसतं, काढला की सगळं ठाकठीक. गोदार तेव्हा काळ्या चष्म्याशिवाय दिसत नसे, आणि वार्दाला त्याचे डोळे बघायचे होते. मैत्रीत केलेली ही चेष्टा तीन-चार मिनिटांत संपते.

आणि मग पार्क मोंसुरी. शहराच्या दक्षिण टोकाचं मोठं, चढउतारांचं उद्यान. इथली हिरवळ आणि झाडं पडद्यावर विलक्षण उजळ, जवळजवळ बर्फासारखी दिसतात. हे कसं? कृष्णधवल फिल्मला रंग कळत नाही, कमी-जास्त उजेड कळतो. भिंगापुढे हिरवी काच लावली की हिरवा प्रकाश आत जातो आणि बाकीचा अडतो. त्यामुळे पानं आणि गवत आजूबाजूच्या वस्तूंच्या मानानं पांढुरकं होतं. भीतीतून बाहेर येणारी मुलगी एका स्वप्नातल्यासारख्या बागेत पोचते, आणि त्याला खर्च एका काचेच्या तुकड्याचा. वार्दानं चित्रीकरणाच्या वेळी डोळ्यांपुढे ठेवली होती ती हान्स बाल्डुंग ग्रीन या सोळाव्या शतकातल्या जर्मन चित्रकाराची चित्रं : गोरी, धष्टपुष्ट तरुणी आणि तिला मिठी मारणारा हाडांचा सापळा. तो सापळा या उजळ हिरवळीवर दिसत नाही, पण त्याची जागा मोकळी ठेवलेली जाणवते.

याच बागेत एक दगडी खांब आहे, १८०६ साली उभारलेला. पॅरिसच्या वेधशाळेतून जाणाऱ्या रेखावृत्ताची दक्षिणेकडची खूण म्हणून तो बसवला. १९११ पर्यंत फ्रान्सची घड्याळं या रेषेवर लावली जात, मग ग्रिनिचशी जुळवून घ्यावं लागलं. घड्याळाच्या तालावर चालणारा चित्रपट शेवटी येऊन पोचतो तो फ्रान्सची घड्याळं ज्या रेषेवर लागत तिच्यापाशी. मला हा योगायोग फार आवडतो.

बागेत तिला आंत्वान भेटतो, अल्जीरियाहून रजेवर आलेला सैनिक, त्याच संध्याकाळी परत निघालेला. तो बडबड्या आहे. आज वर्षातला सर्वांत मोठा दिवस, आज सूर्य मिथुनेतून कर्केत जातो, असं काहीबाही सांगत राहतो. कर्क हा शब्द तिच्या कानाला कसा लागला असेल ते वेगळं सांगायला नको, फ्रेंचमध्येही रास आणि रोग यांचं नाव एकच आहे. ती त्याला आपलं खरं नाव सांगते : फ्लोरांस. क्लेओ हे क्लिओपात्रावरून चिकटलेलं. मरणाची भीती दोघांनाही आहे, तिला पोटात, त्याला सीमेवर, आणि ती त्याच्याशी बोलताना पहिल्यांदा समोरच्याला प्रश्न विचारते. मग मागून उघड्या असलेल्या बसच्या फळीवर उभं राहून दोघं साल्पेत्रिएर रुग्णालयात जातात. डॉक्टर मोटारीतून निघालेले असतात, जाता जाता सांगतात की दोन महिने उपचार घ्यावे लागतील, बरं वाटेल. आणि गाडी हाकतात. असे डॉक्टर सगळ्या देशांत असतात. साडेसहा वाजलेले. क्लेओ म्हणते, भीती गेल्यासारखी वाटते, मी सुखात आहे असं वाटतं. सूर्य मावळायला अजून जवळजवळ अडीच तास आहेत. शीर्षकातला उरलेला अर्धा तास वार्दा दाखवत नाही. दीड तास आपण या मुलीकडे टक लावून बघत होतो, तेव्हा तो अर्धा तास तिचा तिला मिळाला, हे मला रास्त वाटतं.

चित्रपट एप्रिल १९६२ मध्ये लागला, अल्जीरियातल्या युद्धबंदीनंतर काही आठवड्यांनी. क्लेओचं घर, दोम कॅफे, मोंसुरी हे सगळं पॅरिसच्या चौदाव्या विभागात आहे, आणि वार्दा स्वतः त्याच विभागातल्या दागेर रस्त्यावर १९५१ पासून २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिली. म्हणजे स्वस्तात चित्रपट काढा म्हटल्यावर ती चक्क घरासमोरच्या गल्ल्यांत शिरली होती. २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकानं जगभरच्या समीक्षकांकडून सर्वोत्तम चित्रपटांचा कौल घेतला, त्यात 'क्लेओ' चौदावा आला. हा आकडा विभागाच्या क्रमांकाशी जुळला, एवढंच.

वार्दाचा मार्ग पुढे टोकाला नेला तो बर्लिनमध्ये. सेबास्टियान शिपरच्या 'व्हिक्टोरिया'त (२०१५) एकही कट नाही. १३८ मिनिटं, एकच शॉट. २७ एप्रिल २०१४ च्या पहाटे साडेचारच्या सुमाराला कॅमेरा सुरू झाला आणि सातच्या आसपास बंद झाला. बावीस ठिकाणं, पटकथा बारा पानांची, संवाद बहुतेक नटांनी तिथल्या तिथे रचलेले, आणि हा तिसरा प्रयत्न. माद्रिदहून आलेली, जर्मन न येणारी, तुटपुंज्या पगारावर कॅफेत काम करणारी एक मुलगी नाइटक्लबमधून बाहेर पडते, चार पोरांशी ओळख होते, आणि पहाट होईतो ती बँकेच्या दरोड्यात सापडलेली असते. पाठीमागे धावणारा कॅमेरामन स्टुर्ला ब्रांट ग्रोव्हलेन याचं नाव श्रेयनामावलीत पहिलं येतं, दिग्दर्शकाच्याही आधी. ते योग्यच. पण मला त्यातला दरोडा तितकासा आठवत नाही, आठवतो तो कॅफेतला पियानो. ती अचानक लिस्ट या संगीतकाराची अवघड रचना वाजवते आणि मग सांगते की संगीतविद्यालयातून बाहेर पडावं लागलं. कापायची सोयच नसल्यामुळे तिचे हात, तिचा थकवा आणि समोर तोंड उघडं टाकून उभा असलेला तो पोरगा हे सगळं आपण सलग बघतो.

ओस्लोमध्ये योआकिम त्रिएरनं बरोबर उलटं केलं. 'जगातली सर्वांत वाईट व्यक्ती' अशा नावाच्या त्याच्या २०२१च्या चित्रपटात बारा प्रकरणं आहेत, शिवाय एक प्रस्तावना आणि एक उपसंहार. तिशीला टेकलेली यूलिए वैद्यक सोडून मानसशास्त्र घेते, ते सोडून छायाचित्रण. रेनाटे राइन्स्वेला या भूमिकेसाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. एका सकाळी तिचा जोडीदार आक्सेल स्वयंपाकघरात कॉफी ओततो आहे. यूलिए दिव्याचं बटण दाबते आणि सगळं शहर थिजतं. आक्सेल, सायकलवाले, पादचारी, सगळे. फक्त ती धावत सुटते, हसत, ओस्लोच्या रस्त्यांतून, दुसऱ्या एका पुरुषाकडे. हे बहुतांशी संगणकानं केलेलं नाही, रस्त्यावरची माणसं खरोखर श्वास रोखून उभी केली होती.

हे दृश्य लोकांना भयंकर आवडतं, मलाही. पण क्लेओच्या शेजारी ठेवलं की त्यातली एक सवलत दिसते. क्लेओला रस्त्यानं बघितलं, दुर्लक्षिलं, बेडूक गिळून दाखवला, टेबलांवरून तिचं गाणं उडवून लावलं. यूलिएला शहराचा काहीच त्रास नाही, कारण ते बंद करून ठेवलं आहे. त्रिएरला हे नक्की ठाऊक असणार. कारण ती परतून बटण पुन्हा दाबते, आक्सेलच्या हातातली कॉफी ओतली जाते, आणि मग तिला त्याच्याशी बोलावंच लागतं : रडत, भांडत, एकमेकांना समजावत, खोलीतून खोलीत, लांबतच जाणारं बोलणं. इथे मात्र कुठलंही बटण कामाला येत नाही.